मदतीची गरज नाही

जोहे,
१३ जानेवारी २००३

विमलबाई, तुमच्या हौसाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुम्ही म्हणाल वर्षभर पत्र नाय, आणि आता संक्रांतीला बरी आठवण झाली. आठवण रोजच होते बाई. पण लिहायला बसलं की सरूचे बाबा खोकतात, मी उठते, परत येते तवर पेन कुठं जातं देव जाणे. आज त्यांचा जरा डोळा लागलाय, सरू शाळेत गेलीय, म्हणून बसले. चौथीत तुम्ही माझा हात धरून अक्षर वळवलंत. त्या हाताचं काय करायचं तेच विचारायचंय.

सरूच्या बाबांना मागल्या पावसापास्नं दम लागायचा. आम्हाला वाटलं भातलावणीत भिजले म्हणून. पेणच्या डॉक्टरनं मुंबईला धाडलं. तिथं मशीनखाली घालून सांगितलं, हृदयातली झडप खराब झालीय, यंदाच्या वर्षात बदलायला पायजे, नायतर माझ्या हातात काय नाय. पिवळ्या रेशनकार्डावर ऑपरेशन फुकट होतं. आपलं कार्ड पिवळं हाय. पण आता दारिद्र्यरेषेचा नवा सर्व्हे व्हायचाय, नवी यादी लागायचीय. त्या यादीत नाव असल्याचा दाखला आणा, मग तारीख देतो, असं म्हणाले.

आणि नेमकं आताच आमचे कारखानदार महिपतीशेठ मागं लागलेत. तुम्हाला माहीत हाय, मी त्यांचे कच्चे गणपती घरी आणून रंगवते. ते म्हणतात, हौसा, पितांबर रंगवायला बाया पुष्कळ हायत, तू कारखान्यात येऊन बस आणि नुसती डोळ्यांची आखणी कर. महिन्याचा पगार, बँकेत खातं. शेठच्या कारखान्यात आखणीला आजवर बाई बसली नव्हती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाय, इतका आनंद झाला.

पण शेजारची मालू म्हणते, पगार कागदावर आला की पिवळं कार्ड गेलंच समज. पगारात घर चालंल, ऑपरेशन नाय व्हायचं. दहा वर्षं आखणी केली तरी नाय व्हायचं. सांगा बाई, जागा घेऊ का नको? तिळगूळ पाठवलाय, गोड मानून घ्या.

तुमची,
हौसा


रोहा,
२१ जानेवारी २००३

चि. हौसास,

तिळगूळ पोचला, मुंग्यांसकट. मुंग्या निवडून खाल्ला. गोविंदाच्या झडपेचं वाचून मन खट्टू झालं. त्याला पायऱ्या चढू देऊ नकोस, आणि त्याची विडी बंद झाली का ते पुढच्या पत्रात खरं लिही.

माझं म्हणशील तर निवृत्तीला दोन वर्षं राहिली आणि गुडघे आधीच निवृत्त झालेत. त्यात तू म्हणतेस तो सर्व्हे आम्हा शिक्षकांच्याच गळ्यात आलाय. मला खांब गाव दिलंय. शाळा सुटली की एसटीनं कोलाड, तिथून पुढे खांब, आणि मग घरोघरी फिरायचं. तेरा प्रश्न. जमीन किती, घर कसलं, अंगावरचे कपडे किती, जेवण किती वेळा, संडास आहे का, शिक्षण किती. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. वेशीवरून आत शिरले की कुत्री भुंकतात आणि माणसं गप्प होतात. मी आल्याचं कळलं की घरातला टीव्ही गोधडीखाली जातो. इतकी वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्या, मला कळत नाही का?

परवा सगुणा नावाच्या एका बाईकडे गेले. विचारलं, साड्या किती? म्हणे, दोन. तिची नजर सारखी मडक्यांच्या उतरंडीकडे जात होती. मी उठून पाहिलं तर मागे नव्या कोऱ्या साड्यांची चळत! चौदा मोजल्या. ‘लोकांच्या हायत बाई,’ म्हणाली. लोकांच्या साड्या तुझ्या मडक्यांमागे कशाला येतील गं? मी लिहायचं ते लिहिलं.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज पेपर मोठ्याने वाचतात आणि वर आपलं भाषण करतात, की फुकट धान्य दिलं की माणूस हात हलवत नाही. मी म्हणते, माधवराव, तुम्ही निवृत्तीनंतर कोणता हात हलवता ते एकदा दाखवा. पण खरं सांगू? खांबला फिरून आल्यापासून मलाही त्यांचं थोडं पटायला लागलंय.

तेव्हा तू असल्या लपवाछपवीत पडू नकोस. मालूचं ऐकू नकोस. आखणीची जागा मिळतेय ती घे. तेही जमत नसेल तर घरी मिळेल तितकं काम घे. कष्टाची शिक्षा कुणी देत नाही, सरकारसुद्धा नाही. सर्व्हेवाला येईल त्याला जे आहे ते खरं सांग. तू माझी विद्यार्थिनी आहेस.

विमलबाई


जोहे,
१० फेब्रुवारी २००३

बाई, नमस्कार.

तुमचं पत्र सरूनं वाचून दाखवलं, मग मी परत वाचलं. विडी बंद झालीय. चोरून ओढतात का ते देवाला ठाऊक.

आखणीची जागा नाय घेतली. मालूच्या भीतीनं नाय हो. ह्यांना एकटं सोडवत नाय. मधेच दम कोंडतो, पाठीशी बसून चोळावं लागतं. शेठला तसं सांगितलं. पण तुम्ही लिहिलंत तसं घरचं काम दुप्पट घेतलं. यंदा दोनशे गणपती आणलेत! पडवीत, माजघरात, चुलीपर्यंत. आम्ही तिघं त्यांच्यातनं वाट काढून निजतो. सरूचे बाबा म्हणतात, एवढे देव राखणीला असताना यम शिरंल कुठनं? तेवढंच हसायला मिळतं.

आणि ऐका, आमचा सर्व्हे झाला. गुरुजी तरुण हाय, गोड बोलतो. दारातच थांबून म्हणाला, अरे वा, मोठा कारखाना आहे की तुमचा! मी म्हटलं, नाय गुरुजी, हे शेठचे गणपती, मी नुसती रंगवते. म्हणाला, शेठचं काही लिहून दिलेलं आहे का? आता तीस वर्षांत जोह्यात कुणी कुणाला लिहून दिलंय? टेम्पो येतो, मोजून ठेवतो, मोजून नेतो. तो म्हणाला, बरं, आणि लिहून घेतलं.

शेवटी त्यानं विचारलं, सरकारकडनं कसली मदत हवी? काम हवं, शिक्षण हवं, घर हवं, कर्ज हवं, का काहीच नको? मी तोंड उघडणार तेवढ्यात हे भिंतीला हात लावून उठून बसले. म्हणाले, ‘लिवा गुरुजी, आम्हाला कुणाच्या मदतीची गरज नाय. माझी बायको दोन गड्यांचं काम करते.’

बाई, मला रडू आलं. आजारी पडल्यापास्नं हा माणूस पहिल्यांदा ताठ बसला. गावात कुणासमोर मान वर करत नव्हता. गुरुजी हसला, म्हणाला, घ्या, ह्याला पूर्ण चार गुण. आमचे एकूण गुण वाडीत सगळ्यांत जास्त आलेत म्हणे. शेवटी शिष्या कुणाची?

आता यादी लागली की दाखला काढते.

तुमची,
हौसा


रोहा,
१७ फेब्रुवारी २००३

हौसा,

पत्र हातात पडल्यापासून मला बसवत नाही. ही चूक माझी आहे, ते आधी सांगते.

अगं, या परीक्षेत ज्याला जास्त गुण तो नापास. कमी गुण म्हणजे गरीब, त्याचं नाव यादीत. जास्त गुण म्हणजे याला कशाची गरज नाही. मी तेरा प्रश्न लिहिले, गुण लिहिले, आणि हे एवढंच लिहायचं राहिलं. मला वाटलं, ते कळतंच. आयुष्यभर मुलांना गुण वाढवा म्हणून कानीकपाळी ओरडले, तू तरी दुसरं काय समजणार?

त्या गुरुजीनं तुला कारखानदार लिहिलं असणार. त्याला दोष देऊ नकोस. आम्हाला सांगितलंय की दिसेल ते लिहा, आणि त्याला दोनशे गणपती दिसले. तू त्या दिवशी रिकामी बसली असतीस, तर तुझं घरही रिकामं दिसलं असतं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

ताबडतोब महिपतीशेठकडे जा. गणपती माझे, हौसा मजुरीवर रंगवते, एवढं एका ओळीत लिहून घे. यादी आधी कच्ची लागते. नाव नसेल तर ग्रामपंचायतीत हरकत नोंदव, सोबत ती चिठ्ठी जोड.

आणखी एक. तुझं पत्र वाचलं आणि त्या सगुणाच्या चौदा साड्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मी रविवारी खांबला जाऊन येते.

विमलबाई


जोहे,
१२ मार्च २००३

बाई,

कच्ची यादी लागली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरूनं दोनदा वाचली, मी एकदा वाचली. आपलं नाव नाय. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर उभा हाय त्यांचं हाय. सर्व्हेच्या दिवशी ट्रॅक्टर भावकीतल्या दुसऱ्याच्या दारात उभा होता.

शेठनी चिठ्ठी दिली नाय. माणूस वाईट नाय बाई. सरूच्या बाबांना मुंबईला न्यायला त्यानंच गाडी दिली होती. पण म्हणाला, हौसा, तुला लिहून दिलं तर चाळीस घरांना द्यावं लागंल. मग उद्या कोण येऊन विचारंल, ही चाळीस माणसं तुमची, तर यांचं हजेरीपुस्तक कुठाय? मी कारखाना चालवू का तुमच्या चिठ्ठ्या? मी उठून आले.

हरकत नोंदवलीय. ग्रामसेवक चांगले हायत, त्यांनी अर्ज लिहून दिला. म्हणाले, पेणहून साहेब फेरतपासणीला येतील, महिनाभरात कधीही. तारीख सांगून येत नाय कुणी. आणि हळूच म्हणाले, तेव्हा घर कसं दिसतंय ते बघा.

वाडीतल्या बायांनी आपापले लॉट शेठला परत केले. काही जणींनी म्हशीच्या गोठ्यात लपवले. ऐन हंगामात सगळी वाडी हात बांधून बसलीय. माझ्याकडं अजून सव्वाशे गणपती हायत. गोठा आम्हाला नाय.

ह्यांचे पाय सुजायला लागलेत. चार पावलं चालले की खाली बसतात. त्या दिवशी मी तसं का बोललो म्हणून स्वतःला बोल लावतात, मग मलाच त्यांना समजवावं लागतं. तुम्ही मनिऑर्डर केलीत ती मिळाली, पण बाई, परत करू नका असं. तुमचं सगळं विकलंत तरी ऑपरेशन होणार नाय एवढं ते महाग हाय.

काय करू ते सांगा. या वेळी नीट इस्कटून सांगा.

हौसा


रोहा,
१९ मार्च २००३

हौसा,

काम सोड.

उरलेले गणपती शेठला परत दे. रंगाचे डबे, ब्रश, सगळं घरातून काढ. साहेब येऊन जाईपर्यंत कुणाच्याही गणपतीला हात लावू नकोस, मग एक महिना लागो नाहीतर दोन. साहेबांनी मदत हवी का विचारलं तर हवी म्हणा. गोविंदाला मी सांगितलं म्हणून सांग.

छत्तीस वर्षं शिकवलं, पण कुणाला काम करू नकोस म्हणून सांगायची वेळ आली नव्हती. हे पत्र लिहून दोनदा फाडलं. माधवरावांनी विचारलं, काय लिहिते आहेस? मी म्हटलं, तुम्ही म्हणता ना माणसं हात हलवत नाहीत, तर ती कशी तयार होतात ते लिहिते आहे. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि चहा टाकायला उठले, म्हणजे बघ.

सगुणाकडे जाऊन आले. कोलाडच्या दुकानातल्या साड्यांना ती फॉल लावते. कुणीतरी तिला सांगितलं होतं की घरात काही दिसलं तर रेशन जाईल, म्हणून बिचारीनं मडक्यांमागे ठेवल्या. मला तिनं पाणी दिलं आणि पाट दिला. त्या पाटावर मला बसवेना. तिच्या हरकतीच्या अर्जावर मीच सही केली. हेडमास्तर म्हणाले, बाई, तुम्ही स्वतःचाच फॉर्म खोटा ठरवताय. मी म्हटलं, हो, ठरवते.

जपून राहा.

विमलबाई


जोहे,
५ मे २००३

बाई, नमस्कार.

साहेब येऊन गेले. सांगते सगळं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी टेम्पो बोलावला. गणपती जाताना सरू रडली, तिला सवय झाली होती त्यांची. मग मी घर सारवलं, भिंतीवरचे रंगाचे डाग चुन्यानं झाकले. नखांत पिवळा रंग बसलेला असतो आमच्या, तो निघेना, तर नखं मुळापर्यंत कापली. आणि बसले. लग्न होऊन आल्यापास्नं दुपारची निजले नव्हते मी. आता दारात बसून रस्त्यानं कोण येतंय ते बघायचं. माहेरून दोन पोती भात आलं म्हणून चूल पेटली.

आखणीची जागा शेठनी मालूला दिली. तिचा नवरा कंपनीत शिफ्टला जातो, तिचं कार्ड आधीच केशरी, तिला कसली भीती? चांगली हाय ती. मला विचारून बसली. मी म्हटलं, बस गो, जागा काय मोकळी ठेवायची असते?

साहेब आले ते महिन्याभरानं. बरोबर ग्रामसेवक. दोन्ही खोल्या फिरले, मडक्यांत डोकावले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, ‘तुम्ही काय करता?’ मी म्हटलं, काय नाय. म्हणाले, ‘हात धडधाकट आहेत, वय आहे, पेणसारखं गाव जवळ आहे, दर घराला गणपतीचं काम आहे. नवरा आजारी आणि तुम्ही दारात बसून राहता? सरकारच्या जिवावर किती दिवस काढणार?’

बाई, माझे दोन्ही हात पदराखाली होते. मी खाली बघत राहिले. वाडीतली पाच-सहा माणसं जमली होती, सगळ्यांना ठाऊक होतं मी कोण ते. कुणी हसलं नाय, तेवढे उपकार.

मग त्यांनी तोच शेवटचा प्रश्न विचारला. सरूचे बाबा निजूनच होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘मिळंल ती मदत पायजे साहेब. आमचं काय चालत नाय.’ साहेब लिहीत होते, ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

मागल्या आठवड्यात पक्की यादी लागली. नाव हाय. दाखला काढला, मुंबईला दिला, १० जुलै तारीख मिळालीय. मला आनंद झाला पायजे. होईल, झोप झाली की.

तुमची,
हौसा


रोहा,
१३ मे २००३

चि. हौसास,

नाव लागलं! पत्र वाचून मी देवापुढे साखर ठेवली, आणि मग त्या साहेबाला यथेच्छ शिव्या दिल्या. मास्तरणीला येतात तेवढ्या दिल्या. तू मान खाली घालून उभी राहिलीस, हे मला कुणी मारल्यासारखं लागलं. पण तू गप्प राहिलीस तेच बरोबर केलंस.

सगुणाचंही नाव यादीत आलं. मी पेढे घेऊन गेले होते. ती म्हणाली, बाई, त्या साड्या मी दुकानदाराला परत केल्या, सर्व्हे उरकला की देईन म्हणाला होता. आता म्हणतो, दुसरी बाई लागली. रेशन मिळालं, काम गेलं. तिच्या सासूनं पेढा कपाळाला लावून खाल्ला.

माधवरावांनी परवा एका वाचकाचं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं, की गरिबांना काम नकोच असतं. अर्ध्यात थांबले. म्हणाले, पुढचं वाचत नाही, ते नेहमीचंच आहे. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

तुला एकच सांगते. ऑपरेशन होऊन गोविंदा घरी आला की त्याच दिवशी ब्रश हातात धर. शेठकडे जाऊन सांग, मी आले. हंगाम संपत आला असेल, असू दे. एकदा बसलेला हात विसरत नसतो. मी वीस वर्षांनी पेटी वाजवली तर बोटं आपोआप चालली.

विमलबाई


जोहे,
३ सप्टेंबर २००३

विमलबाई,

उशीर झाला, रागवू नका. जुलैत ऑपरेशन झालं ते तुम्हाला शाळेतल्या फोनवर कळवलंच. एकवीस दिवस मुंबईला, मग घरी. आता हे पडवीत खुर्ची टाकून बसतात. चेहऱ्यावर तरतरी आलीय. छातीवर उभी शिवण हाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला सदरा वर करून दाखवतात. काल नाक्यापर्यंत एकटे चालत गेले आणि दूध घेऊन आले. मी दारात उभी राहून बघत होते. बाई, त्या वेळी मात्र झाला आनंद. खूप झाला.

पण तुम्ही सांगितलंत तसं कामाला लागले नाय. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तपासणीला यायचं, गोळ्याही महाग, त्याही दाखल्यावरच. ग्रामसेवक म्हणाले, तोवर जपा, कुणी तक्रार केली तर पुन्हा तपासणी लागते. तक्रार करणारे काय कमी हायत? ज्यांचं नाव लागलं नाय ते माझ्या दाराकडं बघूनच पाण्याला जातात. म्हणून शेठला नाय म्हटलं. त्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाय. हमरापूरच्या बाजारात दोघी बोलत होत्या, हौसाला आता फुकटची सवय लागली म्हणून. मी भाजी घेऊन आले.

रविवारी गणपती बसले. दरसाल शेठ आमच्या घरासाठी एक मूर्ती देतो आणि मी आखते, हे तुम्हाला माहीत हाय. यंदा आदल्या दिवशी मालू रुमालाखाली झाकून घेऊन आली. सगळा रंग झालेला, मुकुटाला सोनेरी, पितांबर पिवळा, डोळे मात्र कोरे. म्हणाली, हौसा, हे मी तुझ्यासाठी ठेवलेत गो, माझ्याच्यानं तुझ्या घरचे डोळे आखवले नाय.

दुपारी हे निजल्यावर दार लावून घेतलं. कुणी बघू नये म्हणून खिडकीला गोधडी लावली. घरातल्या देवाचे डोळे आखायला मी चोरासारखी बसले. तुम्हाला सांगते, आखणी एका श्वासात करायची असते. श्वास धरायचा, वरची पापणी ओढायची, मग सोडायचा. लग्नापास्नं दोन महिन्यांच्या वर ब्रश कधी सुटला नव्हता माझा. यंदा पाच महिने होऊन गेले. डावा डोळा आला बरा. उजव्याला हात थरथरला आणि रेघ जाड झाली, कोपऱ्यात खाली घसरली. पुसून परत आखला, परत तसाच. तीनदा पुसला. शेवटी रंग उडायला लागला, म्हणून ठेवला तसाच. तुमच्या पेटीचं मला माहीत नाय बाई, पण माझा हात गेलाय. येईल का परत, कुणाला विचारू?

रविवारी संध्याकाळी आरती झाली. सरूचे बाबा किती तरी वेळ मूर्तीपुढं बसून होते. लग्नापास्नं माझी आखणी बघितलेला माणूस. मग म्हणाले, ‘यंदा उजवा डोळा वाकडा आलाय गो. मालूनं आखला ना?’

मी म्हटलं, व्हय, मालूनंच.

म्हणाले, ‘तरीच. तिला तुझा हात कुठनं यायचा? पुढल्या साली तूच आख.’

ते खूश हायत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, एवढं मोठं ऑपरेशन, पण एक पैसा लागला नाय आमचा. तुम्ही दिवाळीत येणार म्हणालात, जरूर या. माधवरावांनाही आणा. फक्त सरूच्या बाबांसमोर डोळ्यांचं काय बोलू नका.

तुमची,
हौसा